कंपाउंडरकाकांचे अर्ज

प्रार्थना संपली की माणसं ‘आमेन’ म्हणतात. आमचे घरमालक ‘मतलब?’ म्हणाले.

शहराच्या छावणी भागातल्या त्यांच्या घरी मी भाड्यानं राहायला आलो, त्या पहिल्याच संध्याकाळची ही गोष्ट. मी तेव्हा पंचविशीतला प्राथमिक शिक्षक. वडील लासूर स्टेशनजवळच्या एका खेड्यात पाळक होते. नव्या घरात पाऊल टाकलं की आधी प्रार्थना करायची, ही आमच्याकडची रीत. आणि प्रार्थना करणं हा तर माझ्या हातचा मळ. सहा वर्षांचा होतो तेव्हापासून वडील मला पाहुण्यांसमोर टेबलावर उभं करायचे आणि म्हणायचे, ‘‘कर बाळा.’’ ‘हे आकाश आणि पृथ्वी यांच्या निर्माणकर्त्या, परमदयाळू, परमपवित्र पित्या’ इथून सुरुवात केली की कुठंही न अडखळता मी दहा मिनिटं जात असे. पाहुणे डोळे पुसत. त्या संध्याकाळीही मी तसाच गेलो. डोळे उघडून पाहतो तर घरमालक समोरच्या स्टुलावर पाय हलवत बसलेले, डोळे टक्क उघडे. त्यांच्या बायकोनं मात्र हात जोडून ‘आमेन’ म्हटलं.

‘‘मतलब?’’ घरमालकांनी पुन्हा विचारलं.

‘‘कशाचा?’’

‘‘तुमच्या अर्जाचा. सलाम लई लांबला, मास्तर. मागितलं काय?’’

मी आठवू लागलो. काय मागितलं होतं ते मला खरंच सांगता येईना.

‘‘आमच्या वेळी असा अर्ज आला की साहेब टोपलीत टाकायचे,’’ ते म्हणाले आणि उठून शेळीला पाला टाकायला गेले.

ते जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. निजामाच्या राज्यात नोकरीला लागले. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, कचेरीतली भाषा बदलली, साहेब बदलले. हे मात्र त्याच टेबलापाशी उभे राहून मलमं घोटत राहिले, आणि मी यायच्या दोन-तीन वर्षं आधी रिटायर झाले. अख्खी छावणी त्यांना कंपाउंडरकाका म्हणायची, मग मीही तेच म्हणू लागलो. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणत असे.

काकांचं बोलणं मराठी होतं, पण लिहिणं-वाचणं सगळं उर्दू. शाळाच तशी होती त्यांच्या काळात. मराठी वाचायचं म्हटलं की माझ्या दुसरीच्या वर्गातल्या पोरांसारखं अक्षराखाली बोट ठेवायचे. बायबलही उर्दू, उजवीकडून उघडणारं, फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. प्रार्थनेतही त्यांनी दोन भाषांची वाटणी करून टाकली होती. पेन्शन, रेशनकार्ड, नगरपालिकेचा नळ असल्या सरकारी गोष्टी देवाकडं उर्दूत जायच्या. गुडघेदुखी, मावशींचा राग, कुणाच्या म्हशीचं अडलेलं रेडकू या गोष्टी मराठीत.

‘‘देवाला काय फरक पडतो, काका?’’ मी एकदा विचारलं.

‘‘त्याला नाय पडत. मला पडतो. पेन्शन मराठीत मागितली की मिळंल असं वाटतच नाय मला.’’

रिटायर झाले तरी दारात जनावरं यायचीच. त्यामुळं रोज सकाळी काचेची पिचकारी आणि सुया एका पातेल्यात घालून ते स्टोव्हवर उकळायला ठेवत. वीस मिनिटं उकळायचं, हा त्यांचा नियम. त्या वीस मिनिटांत दुसरं काही करता येत नाही, म्हणून ते स्टोव्हजवळ पाटावर बसून देवाशी बोलत. माझी खोली पलीकडंच होती आणि मधली भिंत पातळ. मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकायचो.

‘‘काल मी पोस्टमनशी भांडलो. चूक माझी होती. पण त्योबी काय कमी नाय, हे तुला ठाव हायच.’’ मग स्टोव्हचा आवाज. ‘‘गुडघ्याचं कालच सांगितलं, आज पुन्हा नाय सांगत.’’ मग पुन्हा बराच वेळ नुसता स्टोव्ह.

मी वाढलो त्या घरात प्रार्थनेमध्ये असं कुणी थांबत नसे. थांबला म्हणजे विसरला. ‘‘तुम्ही मधेच गप्प का होता?’’ मी विचारलं.

‘‘मग मी एकट्यानंच बोलत बसू का?’’

‘‘म्हणजे तुम्हाला काही ऐकू येतं?’’

काका हसले. ‘‘शेळी बोलती का, मास्तर? तरी तीस वर्षं मला कळत होतं ना, कुठं दुखतंय ते. जवळ बसावं लागतं. घाई केली की लाथ बसती.’’

जेवणाच्या प्रार्थनेची त्यांची पद्धत तर चर्चमध्ये चर्चेचा विषय होती. सगळे जेवणाआधी आभार मानतात. काका आधी दोन घास खाऊन बघायचे, मग आभार मानायचे. खाल्ल्याशिवाय आभार म्हणजे तोंडदेखलेपणा, असं त्यांचं म्हणणं. एकदा पाळकसाहेब जेवायला होते. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि काकांच्या चावण्याचा आवाज ऐकून पुन्हा उघडले. काकांनी घास गिळला, मान वर केली आणि म्हणाले, ‘‘प्रभू, आज भाजी खारट झालीय. पण करणारी तूच दिलीस. तिच्याबद्दल आभार.’’

मावशींनी पदरानं तोंड झाकलं. हसत होत्या की चिडल्या होत्या, ते कळलं नाही. पाळकसाहेबांना ‘आमेन’ म्हणणं भाग पडलं.

मावशी काकांच्या अगदी उलट. त्यांची प्रार्थना कधी कुणी ऐकली नव्हती. भाकरी थापताना त्यांचे ओठ हलायचे, एवढंच. काका मात्र मला म्हणायचे, ‘‘हिच्यापासून सांभाळून राहा. ही मागती ते होतं.’’ मी ते गमतीत घेत असे.

मी आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी मोठा दुष्काळ पडला. खाम नदीच्या पात्रात धूळ उडू लागली. नळाला चार-चार दिवस पाणी येईना. बाहेरच्या गावांतून माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. काकांच्या परसात एक जुना आड होता, फारसा रुंद नाही, पण खोल. त्याला पाणी टिकून होतं. काकांनी त्यावर पत्रा टाकला आणि पत्र्याला कुलूप लावलं. शेजारची चार घरं सकाळी यायची, काका कुलूप उघडून देत, माणशी एक घागर. हिशेबानं वागलं तर उन्हाळा निघंल, म्हणायचे. मला ते पटायचं.

फक्त एका घराला त्यांनी मनाई केली होती. आमच्या मागच्या पडीक जागेत म्हाळू नावाचा एक मेंढपाळ बायको आणि वीस-पंचवीस मेंढ्या घेऊन पाल ठोकून राहायचा. दोन वर्षांपूर्वी काकांनी त्याच्या एडक्याला सुई टोचली होती आणि एडका रात्रीतून मेला. म्हाळूनं छावणीच्या आठवडी बाजारात चार लोकांत सांगितलं की, कंपाउंडरनं माझा एडका मारला. काकांनी तिथंच त्याला सुनावलं, ‘‘तुझ्या मेंढराला आधीच घटसर्प झाला होता. तू आणलंस उशिरा. वरून मला नाव ठेवतोस?’’ बाजारानं कंपाउंडरचं ऐकलं. मेंढपाळाचं कोण ऐकणार? तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. म्हाळूची बायको मेंढ्यांसाठी पाणी मागायला एकदा कुंपणाशी आली, तेव्हा काका घरात निघून गेले. मी ते पाहिलं आणि काही बोललो नाही. भाडेकरूनं काय बोलायचं?

उन्हाळा तापला तेव्हा चर्चमध्ये पावसासाठी प्रार्थनेची सभा ठेवली. रविवारची दुपार. पाळकसाहेबांनी आधी मला उभं केलं. मी पाळकाचा मुलगा, माझं नाव तोवर झालं होतं. मी त्या दिवशी फार सुंदर प्रार्थना केली. तहानलेली धरती, आटलेले झरे, हंबरणारी गुरं, सगळं आणलं. मागच्या बाकावर एक म्हातारी हुंदके देऊ लागली. तो हुंदका ऐकून मला बरं वाटलं, हे मी कबूल करतो. बसताना मी मनाशी म्हटलं, आज छान झाली.

माझ्यानंतर काका उठले. मग उर्दूत सुरू केलं, ‘‘ऐ खुदावंद...’’ आणि थांबले.

‘‘नाय,’’ ते म्हणाले. ‘‘हे घरचं काम हाय.’’

मग मराठीत बोलले. आवाज नेहमीचाच, स्टोव्हजवळचा. ‘‘प्रभू, पाऊस मागायला आलोय. पण माझ्या आडात पाणी हाय, आन् आडाला कुलूप हाय. किल्ली या खिशात हाय. म्हाळूच्या मेंढरांना मी पाणी देत नाय. का देत नाय ते तुला ठाव हाय, या लोकांना ठाव नाय, म्हणून सांगतो. त्याचा एडका माझ्याच हातानं मेला. औषध जुनं झालं होतं. बाटली मी बघितली होती, तरी टोचलं. त्यो खरं बोलला, आन् मी त्याला बाजारात खोटं पाडलं. दोन वर्षं रोज तुझ्याशी बोलतोय, पण एवढं सोडून बोलतोय. आता पाऊस मागायला तोंड नाय मला. आधी घरी जाऊन येतो.’’

आणि ते गेले. ‘आमेन’सुद्धा म्हटलं नाही. दारातल्या चपलांत पाय सरकवले आणि भर उन्हात चालू लागले. सभा तशीच अवघडून बसलेली. कुणीतरी कुजबुजलं, ‘‘चारचौघांत असलं बोलतात होय?’’ मी उठलो आणि त्यांच्या मागं निघालो. का निघालो ते मला सांगता येत नाही. तिथं बसवेना, एवढं खरं.

काका भराभर चालत होते. घराला वळसा घालून आम्ही सरळ परसात गेलो, आणि दोघंही जागच्या जागी उभे राहिलो.

आडावरचा पत्रा बाजूला केलेला होता. म्हाळूची बायको पोहरा वर ओढत होती आणि मावशी तिची घागर धरून बसल्या होत्या. मावशींनी मागं वळून पाहिलं. दचकल्या नाहीत.

‘‘सभा लवकर सुटली?’’ त्या म्हणाल्या.

काकांनी खिसा चाचपला. किल्ली खिशातच होती. ‘‘कुलूप कसं उघडलं?’’

‘‘कुलपाला दोन किल्ल्या येतात.’’

‘‘कधीपासून चाललंय हे?’’

‘‘नाताळ झाल्यापासून. दुपारी तुमचा डोळा लागला की.’’

‘‘आन् मला सांगितलं नाय?’’

‘‘तुम्हाला सांगायचं काम मी वर दिलं होतं,’’ मावशी घागर उचलता उचलता म्हणाल्या. ‘‘मला रोजचं भांडण नको होतं. चार महिने लावले त्यानं.’’

काका आडाच्या कठड्यावर बसले. मला वाटलं, आता चिडतील. पण त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला, आणि ते हसू लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी शर्टाच्या बाहीनं पुसलं. मग उठून त्यांनी म्हाळूच्या बायकोच्या हातातून पोहरा घेतला, एक बादली स्वतः भरली आणि पालाकडं निघाले. साठीचे गुडघे, भरलेली बादली. मी हात पुढं केला तर नको म्हणाले.

म्हाळू पालाच्या सावलीत बसला होता. काकांनी बादली खाली ठेवली.

‘‘म्हाळू, एडका माझ्या हातून मेला. औषध जुनं होतं. तू खरं बोलला होतास.’’

म्हाळूनं बादलीकडं पाहिलं. ‘‘मला ठावं व्हतं,’’ तो म्हणाला.

‘‘मी आता चर्चमध्ये सगळ्यांपुढं सांगून आलोय. बाजारातबी सांगंन.’’

‘‘सांगा. लई दिस लागले, काका.’’

‘‘व्हय. लागले.’’

पाण्याचा वास आलेल्या मेंढ्या तोवर बादलीभोवती जमल्या होत्या. म्हाळू उठला, त्यांना आवरू लागला, आणि पाठमोराच म्हणाला, ‘‘त्या काळ्या मेंढीचं बघा जरा. कालपासून उठंना झालीय.’’ काका लगेच तिथंच मातीत बसले आणि मेंढीच्या पोटाला कान लावला. आठवडी बाजारातही त्यांनी खरंच सांगितलं. मी सोबत होतो. निम्म्या लोकांना एडक्याची गोष्ट आठवतही नव्हती. काकांनी त्यांना आधी तिची आठवण करून दिली आणि मग चूक कबूल केली.

पुढच्या रविवारी ते चर्चमध्ये उभे राहिले. ‘‘राहिलेलं सांगतो. पाऊस दे,’’ म्हणाले आणि बसले. पाऊस आला तो त्याच्या वेळेलाच आला.

माझं मात्र त्या सभेनंतर बिनसलं. लोक प्रार्थना करायला सांगत आणि मी ‘परमदयाळू’पाशीच अडखळे. शेवटी एका सकाळी मी स्टोव्हपाशी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, ‘‘काका, मला एकट्याला प्रार्थना करता येत नाही. कधीच आली नाही. ऐकायला कुणी असलं तरच येते.’’

हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. पाळकाच्या मुलानं कुणाला सांगायचं?

काकांनी दुसरा पाट सरकवला. ‘‘आत्ता काय खुपतंय?’’

मी विचार केला. ‘‘शाळेचा कंटाळा येतो.’’

‘‘मग तेच सांगा.’’

‘‘देवाला? कंटाळा येतो म्हणून?’’

‘‘मग काय हेडमास्तरांना सांगता?’’

मी पाटावर बसलो. काकांनी माझ्याकडं पाठ केली आणि सुया चिमट्यानं खालीवर करत राहिले. मी मनातल्या मनात म्हटलं, प्रभू, मला शाळेचा कंटाळा येतो. पुढं काहीच सुचेना. एरवी दहा मिनिटं चालणारा मी एका वाक्यात संपलो होतो. लाज वाटली. पण ते वाक्य खरं होतं, आणि खरं वाक्य बोलून झाल्यावर उठून जावंसं वाटेना. मी तसाच बसून राहिलो. थोड्या वेळानं दुसरं वाक्य आलं: पोरांचा नाही येत कंटाळा, मला माझाच येतो. ते मला आधी माहीत नव्हतं.

त्यानंतर मी रोज बसू लागलो, माझ्या खोलीत, खाटेच्या कडेला. कधी एक वाक्य, कधी तीन. काही दिवस काहीच नाही. एका सकाळी तोंडातून आलं की, टेबलावर उभं केल्याबद्दल मला वडिलांचा राग आहे. ते बोलून मी घाबरून इकडंतिकडं पाहिलं. मग रडलो. त्या दिवशी शाळेत उशिरा पोचलो, पण पोरांना गणित फार छान शिकवलं.

नाताळला गावी गेलो तेव्हा वडील उन्हाला बसले होते. मी शेजारी बसलो आणि विचारलं, ‘‘तुम्ही एकटे प्रार्थनेला बसता तेव्हा काय म्हणता?’’ मला वाटलं, ते शास्त्रातलं काही सांगतील. पण ते हळूच म्हणाले, ‘‘पुष्कळदा काहीच नाही. नुसता बसतो. तुझ्या आईलासुद्धा हे माहीत नाही.’’ मी त्यांचा हात धरला. आम्ही दोघं जेवायची हाक येईपर्यंत तसेच बसून होतो. माझा राग कुठं गेला ते मी नंतर शोधलंही नाही.

दोन वर्षांनी माझी पैठणला बदली झाली. काही वर्षं काकांना पत्रं टाकली. उत्तर उर्दूत येई आणि ते वाचून घ्यायला मला एका सायकलवाल्याकडं जावं लागे. लग्न झालं, मुली झाल्या, पत्रं थांबली. दोष माझाच.

वीसेक वर्षांनी एका कामासाठी शहरात आलो होतो. एसटीला दोन तास अवकाश होता, म्हणून छावणीत गेलो. मावशी कमरेत वाकल्या होत्या, पण मला आवाजावरून ओळखलं. ‘‘यांना आता माणसं ओळखू येत नायत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बाकी खुशाल हायत. जेवतात, बोलतात. जा, बसा जवळ.’’

काका परसात बाजेवर उन्हाला बसले होते. मी म्हटलं, ‘‘सलाम, काका.’’

‘‘सलाम. जनावर कुठंय?’’

‘‘जनावर नाही आणलं. सहज आलो. पैठणहून.’’

‘‘पैठण?’’ त्यांचा चेहरा उजळला. ‘‘तिकडं आमचे एक मास्तर हायत. इथंच राहायला होते, त्या खोलीत. रोज सकाळी त्यांचं नाव घेतो मी प्रभूपुढं.’’ आणि त्यांनी माझं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. ‘‘ओळखता का?’’

मी मावशींकडं पाहिलं. त्यांनी मानेनंच सांगितलं, राहू द्या.

‘‘ओळखतो,’’ मी म्हणालो.

‘‘बरे हायत?’’

‘‘बरे आहेत. सुखात आहेत.’’

‘‘चांगलं झालं.’’ ते जरा पुढं झुकले. ‘‘एक काम होतं बघा. लग्न झाल्याचं पत्र आलं होतं त्यांचं. पण बायकोचं नाव लिहायला विसरले, मास्तर असून. तेव्हापासून मी नुसतं ‘मास्तरची बायको, मास्तरची बायको’ करतोय. बाईमाणसाला बरं दिसतं का ते? तुम्हाला ठाव हाय का नाव?’’

मी नाव सांगितलं. काकांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, एकेक अक्षर सावकाश.

‘‘आन् पोरं?’’

‘‘दोन मुली आहेत,’’ मी म्हणालो आणि थोरलीचं नाव सांगायला तोंड उघडलं.

‘‘थांबा, थांबा,’’ काका हात वर करून म्हणाले. ‘‘एकदम नका सांगू. आधी हे एक पक्कं होऊ द्या.’’

मी बाजेच्या कडेला बसलो आणि वाट पाहू लागलो.